मोटर आबश्टेलेन
धरमतरहून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. नितीनजी गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
यांस,

मी धरमतरला राहतो. वडखळहून अलिबागकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. आमच्याकडे या धंद्यातल्या माणसाला वायरमन म्हणतात. सेल्फ, डायनामो, फोकस, हॉर्न, मीटर, सगळी कामं करतो. एकतीस वर्षं झाली. खाडीवरचा पूल दुकानापासून लांब नाही, त्यामुळे पुलावर गाडी बंद पडली की पहिला फोन बऱ्याचदा मलाच येतो.

चार वर्षांपूर्वी आषाढात असाच फोन आला. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते आणि पाऊस धो धो कोसळत होता. अलिबागकडे बंगला असलेल्या मुंबईच्या एका कुटुंबाची जर्मन गाडी पुलाच्या तोंडाशी उभी होती. कुटुंब आदल्या दिवशीच बंगल्यावर पोचलेलं, गाडी मागून एकटा ड्रायव्हर घेऊन येत होता. पोयनाडच्या बाजूचा मुलगा, पंचविशीचा. पूर्वी पिकअप टेम्पो चालवायचा. बॅटरी घेऊन मी गेलो तेव्हा तो गाडीबाहेर पावसात भिजत उभा होता. आत बसायचीही त्याला भीती वाटत होती.

सेल्फ मारला. खट् करून आवाज आला आणि इंजिन जागचं हललं नाही. बॅटरी ठणठणीत होती. खाली वाकून बॅटरी मारली (टॉर्चला आम्ही बॅटरीच म्हणतो) तर चेंबर फुटलेलं. पेणच्या आसपास हायवेवर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गाडी आदळली होती, तिथून ऑइल गळत गळत सगळं रस्त्यावर सांडलं. तरीही गाडी धरमतरपर्यंत आली, आणि इथे इंजिन सीज झालं.

मी त्याला विचारलं, "अरे, मीटरवर काही आलं नाही का?"

"आलं होतं ना काका. मोठ्या अक्षरांत आलं होतं. पण मना काय कललाच नाय."

आगरी बोलीत बोलला तो. 'मला काही कळलंच नाही.' इग्निशन चालू केल्यावर तेच वाक्य पुन्हा पडद्यावर आलं आणि मलाही ते कळलं नाही. रोमन अक्षरं होती, पण इंग्रजी नव्हतं. मोबाइलवर फोटो काढून भाच्याला पाठवला, तो त्या वेळी जर्मनच्या क्लासला जात होता. त्याने लगेच फोन करून वाचून दाखवलं: "ओलड्रुक त्सू नीड्रिश. मोटर आबश्टेलेन." म्हणजे ऑइलचं प्रेशर फार कमी आहे, इंजिन बंद करा.

साहेब, त्या मुलाने हे वाक्य वाचायचा प्रयत्न केला होता. त्याला 'मोटर' कळलं. पुढच्या शब्दाची पहिली तीन अक्षरं ए, बी, एस अशी आहेत. त्याला वाटलं, एबीएसचं काहीतरी सांगतंय. एबीएसचा पिवळा दिवा त्या गाडीत दोन महिन्यांपासून लागत होता आणि "तो सेन्सरचा आहे, चालव तू" असं त्याला सांगून ठेवलेलं होतं. म्हणून तो चालवत राहिला. समजून घ्यायची त्याची धडपड होती, आणि त्या धडपडीनेच त्याचा घात केला.

मोटारीच्या इंजिनात क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा एक पातळ थर असतो. पंपाच्या प्रेशरवर तो टिकतो. प्रेशर गेलं की लोखंडावर लोखंड घासतं, तापतं आणि धरून बसतं. हे व्हायला तास लागत नाही. वाक्य पहिल्यांदा आलं तेव्हाच इंजिन बंद केलं असतं तर एक चेंबर आणि पाच-सहा लिटर ऑइल, एवढ्यावर भागलं असतं. पुढे त्या गाडीला दुसरं इंजिन बसलं. मुलाचा दोन महिन्यांचा पगार गेला आणि नोकरीही गेली. "लाल दिवा दिसत नव्हता का तुला?" असं त्याला बंगल्याच्या ओसरीवर सगळ्यांसमोर विचारलं गेलं, तेव्हा मी तिथे हजर होतो.

लाल दिवा होता, मी तो पाहिला. नखाएवढा. त्याच्या शेजारी त्याच्या दसपट जागा अडवून ते जर्मन वाक्य उभं होतं. माणसाची नजर आधी अक्षरांकडे जाते. ज्याला थोडंफार वाचता येतं त्याची तर जातेच.

आता गाडीत जर्मन आलं कुठून, तेही सांगतो. त्या रात्रीच्या वर्षभर आधी तिचं मीटर जळलं होतं. नवं महाग म्हणून मुंबईत कुणीतरी जुन्या गाडीचं मीटर बसवून दिलं. इंग्लंडमधल्या गाडीचं मीटर मैलांत असतं, त्यामुळे आपल्याकडे त्याचा उपयोग नाही. जर्मनीतल्या गाडीचं किलोमीटरमध्ये असतं, ते चालतं. त्या मीटरसोबत त्याची भाषाही आली. मालकांनी एक-दोनदा पाहिलं, पण ते मागच्या सीटवर बसणारे. वेग आणि डिझेलचा काटा दिसतोय म्हणून कुणाचं काही अडलं नाही. ती भाषा रोज वाचायची वेळ फक्त त्या मुलावर होती आणि त्याला कुणीच विचारलं नव्हतं.

त्या रात्री मी स्टिअरिंगवरची बटणं दाबत भाषा शोधत बसलो. 'आइनश्टेलुंगेन' म्हणजे सेटिंग आणि त्याच्या आत 'श्प्राखे' म्हणजे भाषा, हे भाच्याने फोनवर सांगितलं म्हणून सापडलं. आत यादी होती. प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच बोलीत लिहिलेलं. जर्मनला 'डॉइच', फ्रेंचला 'फ्रांसे', इटालियनला 'इतालियानो', चेकला 'चेश्तिना'. का, तर चुकून अनोळखी भाषेत जाऊन पडलेल्या माणसाला निदान आपल्या भाषेचं नाव ओळखता यावं. किती माणुसकीने केलेला विचार आहे हा! मला तो फार आवडला. मी ती यादी शेवटपर्यंत खाली नेली आणि पुन्हा वर आणली. मराठी नव्हती. त्यानंतर दुकानात आलेल्या प्रत्येक परदेशी गाडीची यादी मी उघडून पाहतो. अजून एकीतही मला मराठी सापडलेली नाही.

हे पत्र लिहायला चार वर्षं लागली, कारण आधी मलाही वाटायचं की हा एका गाडीचा घोळ आहे. जर्मनऐवजी इंग्रजी असतं तर निभावलं असतं. ऑइलच्या बाबतीत निभावलं असतंही, कारण 'ऑइल' आणि 'स्टॉप' हे दोन्ही शब्द आपले झालेत. पण १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६च्या गाड्या दुकानात येऊ लागल्या आणि माझं मत बदललं.

डोलवीच्या पोलाद कारखान्यामुळे आमच्या रस्त्यावर ट्रेलर आणि डंपरांची रीघ असते. नव्या डिझेल ट्रकांत धूर स्वच्छ करायला एक पाण्यासारखं द्रव घालावं लागतं. कंपनी त्याला डीईएफ म्हणते, जर्मनीत त्याला अॅडब्लू म्हणतात आणि वडखळ नाक्यावर त्याला युरिया म्हणतात. नाक्यावरचा शब्द सगळ्यांत बरोबर आहे, कारण त्यात युरियाच असतो. तर हा युरिया संपत आला, किंवा भेसळीचा निघाला, की मीटरवर इंग्रजीत सूचना येते. ती दुर्लक्षिली की पुढची येते आणि मग गाडीची ताकद आपोआप कमी केली जाते. भरलेला ट्रेलर चढावर बैलासारखा बसतो. ड्रायव्हर माझ्याकडे येतो आणि म्हणतो, "गाडी ओढत नाही, वायरिंग बघा." मी मीटर बघतो तर तिथे इंग्रजीत लिहिलेलं असतं की युरियाची प्रत खराब आहे, टॉर्क मर्यादित केला आहे. चार दिवस गाडी त्याला हेच सांगत होती. त्याने मीटरच्या शेजारचं बटण दाबून दाबून ते वाक्य घालवलं होतं, कारण ते डोळ्यांसमोरून गेल्याशिवाय किलोमीटर दिसत नव्हते.

त्या दिवशी मला उमगलं की पुलावरच्या मुलाला जर्मन जसं होतं तसंच या माणसाला रोजचं इंग्रजी आहे. जर्मन दिसलं की आपण चमकतो आणि म्हणतो, अरे ही परकी भाषा इथे कुठून आली? इंग्रजी दिसलं की चमकत नाही. गाडी चालवणाऱ्याला दोन्ही सारखीच.

गाडीतल्या चिन्हांचं काय, असं आपले अधिकारी विचारतील. चिन्हं उत्तम आहेत. त्यांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि आपल्याकडेही एआयएस-०७१ आहे. तेलाची बुधली, बॅटरीचा डबा, डिझेल गाडीतली हिटरची वेटोळी तार, ही चिन्हं आमच्या रस्त्यावरचा शाळा न पाहिलेला माणूसही ओळखतो. पण चिन्ह काय बिघडलंय ते सांगतं, पुढे काय करायचं ते सांगत नाही. लगेच थांबायचं, की गॅरेजपर्यंत जायचं, की महिन्याभरात दाखवलं तरी चालेल? हे शब्दच सांगतात. म्हणून तर कंपन्यांनी चिन्हांशेजारी शब्द आणले. पडदे मोठे झाले, शब्द वाढले, आणि जितके शब्द वाढले तितका आमचा ड्रायव्हर त्या पडद्याबाहेर राहिला. जुन्या ट्रकात चार दिवे होते आणि चारही त्याला कळत होते.

साहेब, जर्मनीशी माझं भांडण नाही, उलट ऋण आहे. माझं पोट जर्मन आकड्यांवर चाललंय. कुठल्याही गाडीतला रिले उपसून उलटा केला की त्याच्या पायांपाशी आकडे दिसतात: ३०, ८५, ८६, ८७. तीस म्हणजे बॅटरीचा थेट करंट. पंचाऐंशी-शहाऐंशी म्हणजे आतल्या कॉइलची दोन टोकं. सत्याऐंशीवरून करंट पुढे फोकसला किंवा हॉर्नला जातो. चावी फिरवल्यावर येणारा करंट पंधरा, अर्थिंग एकतीस, सेल्फची वायर पन्नास. हे आकडे डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातले आहेत. मी हे शिकलो तेव्हा उस्तादांनी नुसतं पाठ करून घेतलं होतं. जर्मन आहेत हे त्यांनाही माहीत नव्हतं. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार केला आणि पंधरा वर्षं आपल्या रस्त्यांवर टाटा मर्सिडीज-बेंझ ट्रक धावले. बॉशने मायकोच्या नावाने पंप आणि प्लग इथे बनवले. त्यातून आमची पिढी घडली. डिझेल हा शब्द तर रुडॉल्फ डिझेल या माणसाचं आडनाव आहे आणि आज तो कोकणातल्या प्रत्येक गावात मराठी म्हणून नांदतो.

आणि ज्या एबीएसने त्या मुलाला फसवलं, ती अक्षरंही जर्मनच आहेत: 'आन्टीब्लोकीअरझिस्टेम'. बॉशने १९७८ मध्ये ते मर्सिडीजच्या गाडीत आणलं. इंग्रजांनी नंतर त्याच अक्षरांत आपले शब्द बसवून घेतले. आपल्या मंत्रालयाने २०१९ पासून नव्या मोटारींना आणि १२५ सीसीवरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं केलं, त्यामुळे आता ती तीन जर्मन अक्षरं गल्लीतल्या मोटरसायकलवरही आहेत. चाक जाम न होऊ देणारा ब्रेक, असं कुणी समजावून सांगितलं की लोकांना लगेच कळतं. त्यामुळे परका शब्द नको असं माझं म्हणणं नाही. शब्द कुठलाही असो, ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याला तो कळला पाहिजे, इतकंच.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. इथले दहा हजार कुशल तरुण तिकडे कामाला पाठवायचे आणि त्याआधी त्यांना जर्मन शिकवायचं. मर्सिडीज, पोर्शे आणि बॉश या कंपन्या त्याच राज्यातल्या, आणि कार्ल बेंझने १८८६ मध्ये मोटारीचं पेटंट घेतलं ते मानहाइम शहरही तिथलंच. आमची मुलं तिकडे जाणार तर जर्मन शिकून जाणार, हे योग्यच आहे. तिथे काम करणाऱ्याला तिथली भाषा यायलाच हवी. मग त्यांची गाडी इकडे आली तर तिनेही इथली भाषा शिकून यावं. गाडीला शिकवणं माणसाला शिकवण्यापेक्षा किती सोपं आहे! माझ्या भाच्याला महिनोन्‌महिने क्लासला जावं लागलं. गाडीला एक फाइल टाकली की झालं.

युरोपातल्या गाड्यांच्या यादीत डॅनिश असते. डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास आहे. फिनिश असते, फिनलंडची त्याहूनही कमी. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. गिऱ्हाईक कमी म्हणून आपली भाषा नाही, असं कुणालाच म्हणता येणार नाही. मर्सिडीज आणि फोक्सवॅगनचे कारखाने चाकणला आहेत, स्कोडाचा शेंद्र्याला. गाडी जोडणारे हात मराठी बोलतात. आणि ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आम्हाला मनापासून आनंद झाला, दुकानात पेढे वाटले मी. अभिजात म्हणजे जुन्या ताम्रपटांची भाषा असेल, पण ती ब्रेक ऑइल संपल्याचंही सांगू शकली पाहिजे ना.

आपल्याला हे का लिहितोय, परिवहन आयुक्तांना किंवा एखाद्या कंपनीला का नाही? कारण गाडीत काय असावं आणि काय नसावं हे केंद्र ठरवतं. आणि दुसरं म्हणजे, ड्रायव्हरच्या बाजूने विचार केल्याचं आपल्या कामात दिसलेलं आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा केला तो आपल्या मंत्रालयाने. एप्रिल-मे महिन्यात वडखळ नाक्यावर उभं राहून ज्याने ट्रकच्या केबिनमध्ये हात घातला आहे, त्यालाच त्या निर्णयाची किंमत कळेल. ज्याने उकाड्याचा विचार केला, तो भाषेचाही करेल, असं मला वाटतं.

२०१९ मध्ये आपल्याच मंत्रालयाने व्यावसायिक वाहन चालवायला असलेली आठवी पासची अट काढली. गाडी चालवायचं कसब शाळेच्या दाखल्यावर अवलंबून नसतं, हे मान्य केलंत. माझा त्याला शंभर टक्के पाठिंबा आहे. मी पाहिलेले सर्वांत चांगले ड्रायव्हर सातवी नापास होते. पण मग त्याच ड्रायव्हरच्या समोरच्या पडद्यावर इंग्रजी कसं राहू द्यायचं? पेणच्या आरटीओत तो लर्निंगची परीक्षा मराठीत देतो. 'थांबा', 'पुढे वळण आहे', सगळं मराठीत वाचून पास होतो. लायसन हातात पडतं, तो गाडीत बसतो, आणि त्या क्षणापासून गाडी त्याच्याशी मराठीत एक शब्द बोलत नाही.

नंबरप्लेटवर मराठी आकडे चालत नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत तसं स्पष्ट आहे. माझ्या ओळखीच्या काहींना त्याचा राग येतो, मला येत नाही. नंबरप्लेट दुसऱ्याने वाचायची असते. पंजाबातल्या पोलिसाला किंवा केरळच्या टोलनाक्याला एम.एच. ०६ वाचता आलं पाहिजे. म्हणजे अक्षर कुठलं हवं ते वाचणाऱ्यावरून ठरवलं. हाच न्याय आतल्या पडद्याला लावा. तो फक्त एक माणूस वाचतो.

बाहेरून गाडी आणायची तर तिचं स्टिअरिंग उजवीकडे हवं, वेग किलोमीटरमध्ये दिसायला हवा, आणि फोकसचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा, अशा अटी आपल्या आयात नियमांत आहेत. तिन्ही अटी अगदी योग्य आहेत, कारण तिन्हींत एकच विचार आहे: ही गाडी इथल्या रस्त्यावर, इथल्या माणसाच्या हातात चालणार आहे. त्याच ओळीत एक शब्द भाषेसाठी घालायचा आहे.

मी काही नवं मागत नाही. मोबाइल फोनला केंद्र सरकारने हेच लावलं. आयएस १६३३३ या मानकानुसार इथे विकल्या जाणाऱ्या फोनवर बावीस अनुसूचित भाषा वाचता आल्या पाहिजेत. म्हणूनच माझ्या आईला, जी पंचाहत्तर वर्षांची आहे, व्हॉट्सअॅपवर मराठी वाचता येतं. शेतकऱ्याला मिळणाऱ्या कीटकनाशकाच्या डब्यासोबत प्रादेशिक भाषेतलं पत्रक द्यावंच लागतं, आणि डब्यावर विषाच्या तीव्रतेनुसार लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापावा लागतो. रंगही आणि भाषाही. खारेपाटातल्या आमच्या भातशेतकऱ्याला जो हक्क विषाच्या डब्यावर मिळाला, तो त्याच्या ट्रक चालवणाऱ्या मुलाला मीटरवर मिळावा. मोबाइलवरचा नकाशा त्याला "डावीकडे वळा" असं मराठीत सांगतोच आहे. दीड लाखाची नाही, दहा हजारांची वस्तू ती. पन्नास लाखांच्या गाडीला तेवढं जड का जावं?

नियम करताना दोन-तीन गोष्टींकडे लक्ष द्या, एवढी विनंती. त्या मी हाताने केलेल्या कामातून सांगतोय. गाणी, ब्लूटूथ, एसीचं तापमान, हे मराठीत नसलं तरी कुणाचं इंजिन जात नाही. पण लाल दिव्याबरोबर येणारं प्रत्येक वाक्य राज्याच्या भाषेत आलंच पाहिजे, आणि शक्य असेल तर गाडीने ते बोलूनही दाखवावं, म्हणजे ज्याला वाचता येत नाही तोही थांबेल. बॅटरी काढली किंवा मीटर बदललं की भाषा मूळपदावर जाते, असं होता कामा नये. आमच्या धंद्यात बॅटरी रोज काढली जाते. आणि भाषा बदलायचं बटण वर, दिसेल असं हवं, पाच पायऱ्या खाली गाडलेलं नको. त्या यादीत 'मराठी' हे मराठीतच लिहिलेलं असू द्या, जसं 'डॉइच' आहे.

अक्षरांचीही काळजी घ्यायला हवी. काही गाड्यांच्या टेपवर मराठी गाण्यांची नावं येतात तेव्हा पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन पडलेली असते आणि जोडाक्षरांचे पाय मोडून दोन तुकडे झालेले असतात. 'स्थिती' वाचायला जा आणि भलतंच वाचा. धोक्याच्या सूचनेत हे चालणार नाही.

सर्वांत जास्त भीती मला शब्दांची वाटते. हे काम उद्या एखाद्या समितीकडे गेलं आणि तिने 'स्नेहक दाब अपर्याप्त' असं लिहून दिलं, तर आम्ही जर्मनमधून निघून पुन्हा जर्मनमध्येच पडलो. आमच्या रस्त्यावर स्नेहक कुणी म्हणत नाही, ऑइल म्हणतात. रोधक कुणी म्हणत नाही, ब्रेक म्हणतात. ऑइल, ब्रेक, गिअर, टायर, क्लच, हे शब्द ड्रायव्हरांनी मराठीत आणले आणि रुळवले. शंभर वर्षं वापरलेला शब्द परका राहत नाही. वाक्य मराठी असू द्या, क्रियापद मराठी असू द्या, म्हणजे काय करायचं ते कळेल. मंजूर करण्याआधी ते वाक्य कागदावर घेऊन कुणीतरी वडखळ नाक्यावर यावं, चहाच्या टपरीवर दहा ड्रायव्हरांना दाखवावं आणि विचारावं, "हे आलं तर काय करशील?" दहापैकी दहांनी एकच उत्तर दिलं तरच ते पास करावं.

मी हे स्वतः करून पाहिलं आहे. वहीच्या पानावर सूचना लिहिल्या आणि गेले दोन महिने दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवल्या. 'दार उघडं आहे' आणि 'टायरमध्ये हवा कमी आहे' यांवर कुणाचंच दुमत नव्हतं. 'ब्रेक ऑइल कमी आहे, गाडी चालवू नका' यावर एका ट्रेलरवाल्याने सांगितलं की 'चालवू नका' आधी लिहा, कारण घाईत माणूस पहिले दोनच शब्द वाचतो. मी ते बदललं. 'युरिया संपत आला, भरा, नाहीतर गाडी ओढणार नाही' हे वाक्य एका ड्रायव्हरने तर स्वतःच सांगितलं, मी फक्त लिहून घेतलं.

आमच्या गावाच्या नावात 'तर' आहे. तर म्हणजे माणसांना खाडीपलीकडे नेणारी होडी. पूल नव्हता तेव्हा मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरमतरला लागायची आणि लोक इथून पुढे कोकणात जायचे. माझे आजोबा उतारूंचं सामान धक्क्यावरून वर आणायचं काम करत. ओहोटीला चिखलात कुठे पाय टाकायचा आणि कुठे नाही, हे ते उतारूंना ओरडून सांगत असत. उतारू गुजराती असला तर मोडक्या गुजरातीत, आणि एकदा कुणी गोरा साहेब उतरला तेव्हा हातवारे करून. समोरच्याला कळेल असंच सांगायचं, कारण न कळता पाय पडला तर माणूस कमरेपर्यंत रुततो.

तो मुलगा आता वाळूच्या डंपरवर आहे. परवा दुकानात आला होता. त्याच्यापुढे मी वही ठेवली आणि ऑइलचं वाक्य दाखवलं. मी लिहिलं होतं, 'ऑइलचा दाब कमी झाला आहे. इंजिन बंद करा.' त्याने ते दोनदा वाचलं. म्हणाला, "काका, दाब नको, प्रेशर लिहा. आणि आधी गाडी बाजूला घ्यायला सांगा. पुलावर मधेच बंद केली तर मागचा ट्रेलर येऊन धडकेल."

त्याने सांगितलं तसं लिहिलंय. वहीचं ते पान या पत्रासोबत जोडलं आहे. पहिल्या ओळीत त्याचंच वाक्य आहे:

'गाडी बाजूला घ्या. इंजिन बंद करा. ऑइलचं प्रेशर गेलं आहे.'

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वायरमन
धरमतर, ता. पेण, जि. रायगड